पॉइंट टू-टूचं काय करायचं? डनब्लेननंतरच्या सह्यांच्या मोहिमेचा प्रकरण अभ्यास

16 ऑक्टोबर 1996 रोजी ब्रिटिश सरकारनं जाहीर केलं, की देशात परवान्यावर असलेल्या सुमारे 2 लाख हॅंडगनपैकी, म्हणजे पिस्तुलं आणि रिव्हॉल्वरपैकी, 1 लाख 60 हजार आता कोणाला जवळ बाळगता येणार नाहीत. म्हणजे शंभरातल्या ऐंशी. डनब्लेनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर, हॅंडगनवर बंदी यावी म्हणून सात महिने सह्या गोळा करणाऱ्या, खासदारांच्या मागे लागलेल्या बायकांनी आणि मूल गमावलेल्या पालकांनी ही घोषणा ऐकली आणि सांगितलं, की हे पुरेसं नाही.

इतकं मिळाल्यावरही ते का थांबले नाहीत आणि पुढे काय झालं, हे मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कायदा बदलून घेण्यासाठी निवेदनं घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकापुढे हा क्षण कधी ना कधी येतो. समोरचा माणूस बरंचसं देतो आणि 'आता तरी समाधान माना' म्हणतो.

नावांबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. मारेकऱ्याचं नाव या लेखात नाही. गेलेल्या मुलांची, त्यांच्या घरच्यांची आणि मोहीम उभी करणाऱ्या बायकांचीही नावं नाहीत. जे सार्वजनिक जीवनात होते, त्यांचाच उल्लेख नावानं केला आहे.

पार्श्वभूमी

डनब्लेन हे स्कॉटलंडमधलं, स्टर्लिंगच्या उत्तरेचं जुन्या कॅथेड्रलचं छोटं गाव. 13 मार्च 1996, बुधवार. सकाळी साडेनऊच्या सुमारास तिथल्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाचा व्यायामाचा तास होता. मुलं पाच-सहा वर्षांची. एक माणूस चार हॅंडगन आणि 743 काडतुसं घेऊन व्यायामशाळेत शिरला. तीन-चार मिनिटांत त्यानं शंभरावर गोळ्या झाडल्या. सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिका गेल्या, आणखी कितीतरी जखमी झाले. शेवटची गोळी त्यानं स्वतःला मारून घेतली.

तीन-चार मिनिटं. शिट्टी वाजवून मुलांना रांगेत उभं करायलाही व्यायामाच्या तासाला एवढा वेळ लागतो.

चारही शस्त्रं परवान्याची होती. 1977 पासून त्याच्याकडे परवाना होता आणि दर वेळी त्याचं नूतनीकरण होत गेलं होतं. तो मुलग्यांसाठी क्लब आणि शिबिरं चालवायचा. त्याच्या वागण्याबद्दल पालकांच्या तक्रारी बरीच वर्षं येत होत्या. 1991 मध्ये अशाच एका शिबिराची चौकशी करणाऱ्या पोलीस सार्जंटनं वरिष्ठांना लेखी कळवलं, की या माणसाचा शस्त्र परवाना काढून घेण्याचा गांभीर्यानं विचार व्हावा. त्यावर कारवाई झाली नाही. 1992 ला परवान्याचं नूतनीकरण झालं, 1995 ला पुन्हा झालं. हा कागद लक्षात ठेवावा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

याच्याही मागचा एक धागा आहे. ऑगस्ट 1987 मध्ये इंग्लंडमधल्या हंगरफर्ड गावात एका माणसानं सोळा जणांना मारलं होतं. त्याच्याकडे सेमी-ऑटोमॅटिक रायफल होती आणि परवान्याचं नऊ मिलिमीटरचं पिस्तूलही होतं. पुढच्या वर्षी, 1988 ला कायदा बदलला. त्या जातीच्या रायफलींवर बंदी आली, शॉटगनचे नियम कडक झाले आणि पिस्तूल तसंच राहिलं. त्या दिवशी मारेकऱ्याच्या हातात असलेलं एक शस्त्र कायद्यातून सुटलं. हंगरफर्डनंतर साडेआठ वर्षांनी डनब्लेनच्या व्यायामशाळेत जवळजवळ सगळ्या गोळ्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलातून सुटल्या.

'अर्धा का होईना, कायदा तर आला' असं आपण सहज म्हणतो. हंगरफर्डनंतर लोक तसंच म्हणाले असणार. म्हणूनच 1988 चा तो कायदा माझ्या डोक्यातून जात नाही.

अडचण नेमकी कुठे होती

दुःख सगळ्या देशाला होतं. पंतप्रधान जॉन मेजर आणि विरोधी पक्षनेते टोनी ब्लेअर दोन दिवसांत एकत्र डनब्लेनला आले. त्यानंतरच्या रविवारी, ब्रिटनमधल्या मदर्स डेला, राणीही आली. पण दुःखात सामील होणारा प्रत्येक जण कायद्याच्या बाजूनं हात वर करेलच असं नसतं, आणि इथेही तसं नव्हतं.

सरकार हुजूर पक्षाचं होतं आणि त्याचं बहुमत दिवसेंदिवस घटत होतं. परवानाधारक हॅंडगन बाळगणारे सुमारे 57 हजार. संख्या लहान, पण संघटित. त्यातले बहुतेक नेमबाजीच्या क्लबात जाणारे, नियम पाळणारे, कधी कोणाच्या केसाला धक्का न लावलेले लोक. त्यांचं म्हणणं साधं होतं: एका माणसानं केलेल्या पापाची शिक्षा आम्हाला का? गुन्हेगार काय परवाना काढून बंदूक घेतात? त्या डिसेंबरात राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी बीबीसीच्या मुलाखतीत विचारलं, की उद्या कोणी क्रिकेटची बॅट घेऊन शाळेत शिरला आणि मुलांना मारलं, तर बॅटींवर बंदी घालणार का? त्या बोलण्यानं किती दुखावलं असेल हे वेगळं सांगायला नको, त्यांना नंतर दिलगिरी व्यक्त करावी लागली. तरी हा मुद्दा त्यांच्या एकट्याचा नव्हता. अनेक खासदारांच्या मनात तोच होता, फक्त त्यांनी तो मोठ्यानं म्हटला नाही. त्याला नुसत्या संतापानं उत्तर देता आलं नसतं.

खरं उत्तर त्या तीन-चार मिनिटांत होतं. बॅट घेऊन आलेल्या माणसाला एक शिक्षक अडवू शकतो, दोन शिक्षक धरू शकतात. कोटाखाली चार हॅंडगन लपवून आलेल्याला कोणी अडवू शकत नाही. पण हे उत्तर सहाशेपन्नासच्या आसपास खासदारांपर्यंत पोहोचवायचं कसं, आणि ते बोलणार कोण?

समोरचे पर्याय

पहिला प्रश्न वेळेचा होता. सरकारनं लगेच चौकशी नेमली होती. काम लॉर्ड कलन यांच्याकडे होतं. पायपर अल्फा या तेलफलाटावरच्या दुर्घटनेची चौकशी त्यांनीच केली होती, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. 'न्यायमूर्तींचा अहवाल येऊ द्या, मग बोलू' हा सल्ला समंजस वाटतो. पण चौकशीला महिने लागतात आणि लोकांचं लक्ष तेवढे दिवस टिकत नाही. आपल्याकडे आयोग नेमला की विषय थंड बस्त्यात गेला असं धरतात, ते उगीच नाही.

दुसरा आणि सगळ्यात कठीण प्रश्न: मागायचं काय? पुढे जे पर्याय चर्चेत आले, ते सौम्यापासून कडकापर्यंत असे होते. परवान्याची तपासणी कडक करावी. हॅंडगन घरी न ठेवता क्लबात कुलपात ठेवाव्यात. शस्त्राचा एखादा महत्त्वाचा भाग, पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड किंवा रिव्हॉल्वरचं फिरतं सिलिंडर, काढून वेगळा ठेवावा. मोठ्या कॅलिबरच्या, म्हणजे जाड गोळीच्या, हॅंडगनवर बंदी आणावी. सगळ्याच हॅंडगनवर बंदी आणावी. आणि शेवटी, सगळ्या प्रकारच्या बंदुका बंद कराव्यात.

शेवटची मागणी भावनेला पटणारी, पण ती मागितली असती तर शॉटगन बाळगणारे शेतकरी आणि सगळा ग्रामीण भाग विरोधात गेला असता. पहिली मागणी सगळ्यांना मान्य होणारी. पण डनब्लेनचा परवाना तपासणीतून पार झालाच होता, आणि एकदा नव्हे, वारंवार.

तिसरा प्रश्न, चेहरा कोणाचा? ज्यांचं मूल गेलं त्यांच्या शब्दाला जे वजन असतं ते दुसऱ्या कोणाच्या शब्दाला नसतं. पण ज्या आईनं कालच लेकराला निरोप दिला तिला आज कॅमेऱ्यासमोर उभं करणं क्रूरपणाच आहे.

काय केलं

मोहीम सुरू केली ती त्या भागाशी नातं असलेल्या काही मैत्रिणींनी. त्या स्वतः आया होत्या, पण राजकारणाचा किंवा प्रचाराचा अनुभव असलेल्या नव्हत्या. नाव ठेवलं स्नोड्रॉप. मार्चच्या थंडीत डनब्लेनमध्ये तेवढंच एक फूल उमललेलं होतं: बोटभर देठ, मान खाली घातलेलं पांढरं फूल. त्या नावात ना कोणता पक्ष होता, ना कोणाविरुद्ध राग. पुढे लोकांनी ते कपड्यांवर लावलं आणि बोलण्यातही आणलं. नाव निवडणं ही किरकोळ गोष्ट वाटते, पण लांबलचक नावाच्या 'कृती समित्या' आपण इतक्या पाहिल्या आहेत, की या एका शब्दाची ताकद मला जास्तच जाणवते.

त्यांनी चौकशीची वाट पाहिली नाही. सह्यांचे कागद बाहेर पडले, रस्त्यावर आणि दुकानांत टेबलं लागली, वर्तमानपत्रांनी साथ दिली आणि टपालानं गठ्ठेच्या गठ्ठे येऊ लागले. हे सगळं इंटरनेट घराघरांत पोहोचण्याआधीचं. प्रत्येक सही म्हणजे कोणीतरी थांबलं, वाचलं, पेन हातात घेतलं आणि पत्ता लिहिला. उन्हाळ्यात ती निवेदनं लंडनला संसदेकडे गेली तेव्हा सह्यांचा आकडा 7 लाखांच्या वर होता.

मागणीचा गाभा एका वाक्यात मावत होता: हॅंडगनची खासगी मालकी बेकायदा करा. शेतावरची शॉटगन नाही, शिकारीची रायफल नाही. एका हातात मावणारं, खिशात लपणारं आणि भराभर गोळ्या झाडणारं शस्त्र. माझ्या मते मोहिमेतला हा सर्वात चांगला निर्णय होता. मागणी इतकी अरुंद होती की तिला 'अव्यवहार्य' म्हणून झटकता येत नव्हतं, आणि इतकी टोकदार होती की तिच्यातून सुटका नव्हती. खासदार बंदीच्या बाजूनं तरी होता किंवा विरोधात. 'मला तुमच्या भावना समजतात' एवढ्यावर त्याला निसटता येत नव्हतं.

सुरुवातीला रस्त्यावर त्या मैत्रिणी होत्या. मूल गमावलेली कुटुंबं हळूहळू, आपापल्या वेळेनं पुढे आली. काही पालक चौकशीच्या सुनावणीला स्टर्लिंगमध्ये बसले. ही सुनावणी 29 मे ते 10 जुलै चालली. काही जण वकील आणि अभ्यासकांबरोबर मिळून गन कंट्रोल नेटवर्क या नव्या संस्थेत गेले, तिथे हंगरफर्डची माणसंही होती. म्हणजे सह्यांचं काम एकीकडे, युक्तिवादाचं दुसरीकडे. एकाच थकलेल्या गटावर सगळा भार पडला नाही. कायद्यासाठी लढणारे गट बहुधा विरोधकांमुळे मोडत नाहीत, थकव्यानं मोडतात. त्यामुळे ही विभागणी ठरवून झाली असो वा आपोआप, तिचं मोल मोठं आहे.

ऑगस्टमध्ये पहिला मोठा धक्का बसला. खासदारांच्या गृहविषयक समितीनं, हुजूर पक्षाच्या सदस्यांच्या बळावर, हॅंडगनबंदीच्या विरोधात अहवाल दिला. मोहिमेची ताकद तिथेच संपली असती. पण त्या अहवालाविरुद्ध इतका राग उसळला की सरकारलाच त्यापासून अंतर ठेवणं सोयीचं वाटू लागलं.

मग आला ऑक्टोबर आणि त्याबरोबर एक निर्णय, ज्यावर मी बराच वेळ अडकलो. मजूर पक्षाच्या ब्लॅकपूल अधिवेशनात स्नोड्रॉपच्या प्रतिनिधीला बोलायला बोलावलं गेलं. जावं की नाही? तोवर मोहीम कोणत्याच पक्षाची नव्हती. डनब्लेन ज्या मतदारसंघात येतं तिथले खासदार मायकल फोर्सिथ हे हुजूर पक्षाचे, शिवाय स्कॉटलंडचे मंत्री. दुसरीकडे मजूर पक्षाचे जॉर्ज रॉबर्टसन याच गावात राहणारे. दोघांनीही त्या पहिल्या दिवसांत पक्ष बाजूला ठेवला होता. एका पक्षाच्या व्यासपीठावर जाणं म्हणजे दुसऱ्याला 'हे राजकारण आहे' म्हणायची संधी देणं.

मोहिमेची प्रतिनिधी गेली आणि बोलली. सभागृह स्तब्ध झालं, अनेकांचे डोळे पाणावले. अराजकीय मोहीम एका पक्षाच्या मांडवात का, ही टीका ओढवलीच. तरीही मला तो निर्णय बरोबर वाटतो, कारण घड्याळ मोहिमेच्या बाजूनं होतं: 1997 च्या मेपर्यंत निवडणूक होणारच होती आणि सत्ता बदलण्याची चिन्हं स्पष्ट दिसत होती. जो पक्ष उद्या सत्तेत येणार, त्याच्याकडून आज सगळ्यांसमोर शब्द घेणं हे शहाणपणाचं होतं. पण त्याच आठवड्यात, त्याच शब्दांत, दुसऱ्या मोठ्या पक्षाकडेही लेखी मागणी गेली पाहिजे आणि ती गेल्याचं लोकांना दिसलं पाहिजे, एवढी काळजी अशा वेळी कोणीही घ्यावी.

16 ऑक्टोबरचा पेच

कलन अहवाल आला. न्यायमूर्तींनी 1991 च्या त्या लेखी शिफारशीबद्दल स्पष्ट म्हटलं, की परवाना रद्द करायला कारण होतं आणि त्यावर कृती व्हायला हवी होती. अहवालानंतर तिथल्या पोलीस दलाच्या उपप्रमुखांनी राजीनामा दिला. हॅंडगनबद्दल मात्र कलन सावध होते. वापरात नसताना शस्त्राचा भाग काढून ते निकामी ठेवावं असं त्यांनी सुचवलं, आणि ते जमणार नसेल तर एकापेक्षा जास्त गोळ्या झाडणाऱ्या हॅंडगनच्या खासगी मालकीवर बंदीचा विचार करावा असं म्हटलं.

गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांनी त्याच दिवशी त्यापुढचं पाऊल टाकलं. पॉइंट टू-टूपेक्षा, म्हणजे 0.22 इंच व्यासाच्या गोळीपेक्षा, मोठ्या कॅलिबरच्या सगळ्या हॅंडगन बंद. पॉइंट टू-टू मात्र राहतील, पण घरी नाही, क्लबात कडक बंदोबस्तात.

एनसीसीत गेलेल्या वाचकांना पॉइंट टू-टू ओळखीची असेल. शाळा-कॉलेजात आपण पहिल्यांदा बंदूक हातात धरतो, ती बहुधा याच गोळीची रायफल असते. गोळी छोटी, धक्का कमी, म्हणून 'सरावाची' म्हणून ओळखली जाते. सरकारचा युक्तिवादही हाच होता: हे खेळाचं हत्यार आहे, ऑलिंपिकची नेमबाजी याच्यावर चालते. पण 1968 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट केनेडी यांचा जीव घेणारं रिव्हॉल्वर पॉइंट टू-टूचंच होतं. पाच वर्षांच्या मुलाच्या छातीला छोटी गोळी आणि मोठी गोळी यांत काय फरक?

आता सांगा, त्या बायकांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं?

एक वाट अशी होती, की सरकारचे आभार मानायचे, विजय जाहीर करायचा आणि घरी जायचं. सगळे थकलेले होते. शंभरातल्या ऐंशी हा कोणत्याही मोजमापानं मोठा विजय होता.

दुसरी वाट: विधेयकच अपुरं म्हणून नाकारायचं, खासदारांना विरोधात मत द्यायला सांगायचं. त्यात हाती आलेलंही जायचा धोका होता, कारण सत्ताधारी पक्षातले कित्येक जण विधेयक पडलं तर खूशच झाले असते.

मोहीम तिसऱ्या वाटेनं गेली. विधेयक येऊ द्यायचं, त्यात पूर्ण बंदीची दुरुस्ती मागायची, आणि दुरुस्ती पडली तरी मागणी खाली ठेवायची नाही. नोव्हेंबरमध्ये ती दुरुस्ती थोड्याच मतांनी पडली. 27 फेब्रुवारी 1997 ला अर्ध्या बंदीचा कायदा झाला.

हाती आलेलं त्यांनी घेतलं, पण 'सगळं मिळालं' अशी पावती कोणालाच लिहून दिली नाही. हे म्हणायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्यासाठी आपल्याच लोकांची 'आता बास' ही विनवणी आणि बाहेरच्यांचा 'यांचं कधी समाधानच होत नाही' हा आरोप, दोन्ही सोसावं लागतं.

निकाल

1 मे 1997 ला निवडणूक झाली. मजूर पक्ष प्रचंड बहुमतानं आला. हुजूर पक्षाची स्कॉटलंडमधली एकही जागा राहिली नाही, फोर्सिथही हरले. हा पराभव बंदुकीच्या प्रश्नामुळे झाला असं म्हणणं चूक ठरेल, कारणं बरीच होती. पण नव्या सरकारनं दिलेला शब्द पाळला. 11 जून 1997 ला, व्हिप न काढता, खासदारांना मन मानेल तसं मत देऊ दिलं. उरलेल्या हॅंडगनवरही बंदी आणण्याच्या बाजूनं 384, विरोधात 181. नोव्हेंबरमध्ये दुसरा कायदा झाला.

दोन्ही कायद्यांत मिळून 1 लाख 62 हजारांच्या आसपास हॅंडगन पोलिसांकडे जमा झाल्या. मालकांना भरपाई मिळाली, ती दहा कोटी पौंडांच्या घरात गेली. उत्तर आयर्लंडला बंदीतून वगळलं होतं. डनब्लेननंतर ब्रिटनमध्ये शाळेत शिरून मुलांवर गोळ्या झाडल्याची तशी घटना पुन्हा घडलेली नाही.

याच्या दुसऱ्या बाजूबद्दलही प्रामाणिक राहायला हवं. बंदीनंतरची काही वर्षं हॅंडगनचा वापर झालेले गुन्हे कमी झाले नाहीत, उलट वाढले, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वाढत राहिले. त्या बंदुका परवान्याच्या नव्हत्या. चोरट्या मार्गानं आलेल्या होत्या, काही नकली पिस्तुलं बदलून केलेल्या होत्या. विरोधकांनी हे आकडे पुढे केले आणि त्यात खोटं काही नव्हतं. बेकायदा हॅंडगन बाळगणाऱ्याला किमान पाच वर्षांच्या कैदेची तरतूद 2003 च्या कायद्यात आली, आणि हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुकांवर निर्बंध 2006 च्या कायद्यात आले. त्यानंतर आकडे उतरले. डनब्लेनच्या मोहिमेनं एक दार बंद केलं: कायदेशीर मार्गानं मिळालेलं पिस्तूल घेऊन शाळेत शिरण्याचं. गल्लीतल्या टोळ्यांच्या बंदुकांचं दार वेगळं होतं. दोन्हीचं श्रेय किंवा दोष एकाच कायद्याला देणं मला पटत नाही.

ही गोष्ट कुठेही जशीच्या तशी उचलता येईल असंही नाही. ब्रिटनमध्ये बंदूक बाळगणं हा घटनेनं दिलेला हक्क नव्हता आणि हॅंडगनवाले हजारांत मोजावे इतके थोडे होते. अमेरिकेत डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूकच्या शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. चार महिन्यांनी तिथल्या सिनेटमध्ये, बंदी सोडाच, खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याची व्याप्ती वाढवण्याची दुरुस्ती 54 विरुद्ध 46 मतांनी बहुमत मिळवूनही पडली, कारण तिला साठ मतं हवी होती. डनब्लेनच्या कुटुंबांना हे माहीत आहे. तरीही 2018 मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत सतरा जण गेले, तेव्हा त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं, की आमच्याकडे बदल झाला, तुम्हीही थांबू नका. बावीस वर्षांनी, दुसऱ्याच्या मुलांसाठी.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे आठवतं. 2019 च्या अखेरीस केंद्र सरकारनं शस्त्र कायद्यात दुरुस्ती आणली, तेव्हा मूळ विधेयकात एका परवानाधारकाकडे तीनऐवजी एकच बंदूक असावी असं होतं. खासदारांच्या आग्रहानंतर आकडा दोन झाला आणि तसाच कायदा झाला. लग्नात हवेत गोळ्या झाडण्याला त्यात शिक्षा आली, ही चांगली गोष्ट. पण 'एक' चा 'दोन' होताना, 'एकच ठेवा' म्हणून खासदारांच्या दारात सह्या घेऊन कोणी उभं असल्याचं मला आठवत नाही. दुसरी बाजू मात्र बरोबर पोहोचली होती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट नेमबाजांबद्दल. त्यांच्यातल्या ज्यांना बंदी पटत होती, किंवा निदान पूर्ण विरोध नव्हता, त्यांना शोधून सोबत घ्यायला हवं होतं. क्लबातलेच चार जण खासदारासमोर बसून 'मी माझी हॅंडगन द्यायला तयार आहे' म्हणाले असते, तर नोव्हेंबरमधली ती थोडी मतं कदाचित फिरली असती. मान्य करतो, डनब्लेनच्या आईबापांकडून त्या दिवसांत ही अपेक्षा ठेवणं फार होतं. हे काम बाहेरच्या मदतनीसांचं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती लिहिताना जपून लिहितो आहे, कारण ज्यांनी एवढं केलं त्यांच्याकडे बोट दाखवायचं नाही. मागणी एकच आणि टोकदार ठेवली म्हणून ती जिंकली. पण त्यामुळे 1991 चा तो कागद मागे राहिला. सार्जंटनं लिहिलं, वरिष्ठानं बाजूला ठेवलं, परवान्यावर शिक्का बसत गेला. हॅंडगन गेल्या, पण परवाना देणारं टेबल तिथेच राहिलं. शॉटगन आणि रायफलींचे परवाने पुढेही त्याच पद्धतीनं, प्रत्येक पोलीस दलाच्या आपापल्या समजुतीनं दिले जात राहिले. जून 1997 मध्ये मोहिमेचं वजन शिखरावर होतं. त्याच आठवड्यात दुसरी, तितकीच लहान मागणी मांडता आली असती: परवानाधारकाबद्दल एखाद्या पोलिसानं लेखी धोका कळवला, तर परवाना आपोआप स्थगित व्हावा, आणि तो परत द्यायचा असेल तर देणाऱ्यानं कारण लिहून खाली सही करावी. बंदी पदरात पडण्याआधी हे मागितलं असतं, तर विरोधकांनी 'मग तेवढंच करू, बंदी नको' म्हणून त्याचा आडोसा घेतला असता. नंतर मागायला हरकत नव्हती.

2010 मध्ये इंग्लंडमधल्या कंब्रियात एका माणसानं परवान्याची शॉटगन आणि पॉइंट टू-टूची रायफल घेऊन बारा जणांना मारलं. पॉइंट टू-टू मारू शकते का, या प्रश्नाला आणखी उत्तराची गरज उरली नाही.

आणि इंग्लंडमधलंच प्लिमथ शहर. तिथल्या एका तरुणाकडे परवान्याची शॉटगन होती. 2020 मध्ये त्यानं बागेत दोन किशोरवयीन मुलांवर हात उगारला, म्हणून पोलिसांनी बंदूक आणि परवाना दोन्ही काढून घेतलं. म्हणजे या वेळी कोणीतरी पाहिलं होतं, लिहिलं होतं, कृतीही केली होती. जुलै 2021 मध्ये दोन्ही त्याला परत देण्यात आलं. 12 ऑगस्टला त्यानं आधी स्वतःच्या आईला मारलं आणि मग रस्त्यावर आणखी चौघांना. त्या चौघांत तीन वर्षांची एक मुलगी होती, वडिलांबरोबर बाहेर पडलेली.